दुकानाचे फर्निचर : हा हुन्नर शिकावा कोठे?

जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. दुकानांतला माल गेला, तसे काउंटर आणि रॅकही फुगून वाया गेले. साधे प्लायवूड पाण्यात थर सोडते. कोणते कोठे वापरावे हे जाणणारा कारागीर आपल्या भागाला हवा आहे. महाड-पोलादपूरच्या तरुणांपुढे त्यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग आय.टी.आय.चा. सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून आठवी पास मुलाला प्रवेश मिळू शकतो. हा अभ्यासक्रम प्रत्येक संस्थेत असतोच असे नाही. म्हणून अर्जापूर्वी प्रत्यक्ष चौकशी करावी. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनावर अनुभव घेता येतो.

दुसरा मार्ग उस्तादाच्या हाताखालचा. येथे हात बसतो. पण नुसता रंधा मारण्यात वर्षे घालवू नयेत. माप आणि हिशेब शिकून घ्यावा. समजा, काउंटर ६ फूट लांब, ३ फूट उंच, २ फूट रुंद आहे. पुढची बाजू १८, दोन कडा मिळून १२, वरची फळी १२ आणि आतील फळी १२, असे एकूण ५४ चौरस फूट झाले. ८ × ४ ची एक शीट ३२ चौरस फुटांची. एका शीटमधून पुढची बाजू व एक कड, दुसरीतून दोन्ही फळ्या व दुसरी कड निघते. करवतीच्या कापापुरते माप किंचित कमी धरावे. कागदावर आधी न आखणारा तिसरी शीट मागवतो आणि स्वतःची मजुरी घालवतो.

तिसरा मार्ग आधीच काम करणाऱ्यांसाठी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. ५ ते ७ दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत अशी तरतूद आहे. कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. कर्जाची सोयही आहे, पण त्यावर ५ टक्के व्याज आहे; कर्ज न घेताही प्रशिक्षण घेता येते.

आमचे सांगणे इतकेच : जो कारागीर गिऱ्हाइकाला खालच्या भागासाठी आय.एस. ७१० छापाचे मरीन प्लाय सुचवील आणि त्याचा जादा खर्च आधीच लिहून देईल, त्याच्याकडे तेच गिऱ्हाईक पुन्हा येईल.