जगाचा कर्ता एकच : न्यायशास्त्राचा युक्तिवाद

शिकून मोठा झालेला मुलगा देवघराच्या दाराशी उभा राहतो आणि पूजेला बसलेल्या पित्यास विचारतो, "बाबा, ईश्वर आहे हे कशावरून?" पिता रागावतो, किंवा मौन धरतो. दोहोंपासून मुलगा एकच अर्थ घेतो : या प्रश्नाला उत्तर नाही. अशा रीतीने कित्येक घरांतील श्रद्धा वादात न हरताच मावळते. वास्तविक आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचे भय कधी बाळगले नाही. आत्मतत्त्वाचे श्रवण झाल्यावर त्याचे मनन करावे, अशी श्रुतीची आज्ञा आहे. आणि युक्तीने केलेला विचार म्हणजेच मनन होय.

या मननाचा थोर आदर्श म्हणजे मिथिलेचे उदयनाचार्य. त्यांच्या लक्षणावली या ग्रंथाच्या अखेरीस शके ९०६, म्हणजे इसवी सन ९८४, असा काल आढळतो. न्यायकुसुमांजली हा त्यांचा ग्रंथ पाच स्तबकांचा आहे. पहिल्या चार स्तबकांत चार्वाक, मीमांसक, बौद्ध इत्यादिकांचे आक्षेप परीक्षिले असून पाचव्यात ईश्वराच्या अस्तित्वाची साधक प्रमाणे मांडली आहेत. ग्रंथारंभी आचार्य म्हणतात की, वेदान्ती, सांख्य, योगी, शैव, वैष्णव, याज्ञिक, फार काय, कारागीरसुद्धा कोणत्या ना कोणत्या नावाने त्या एकालाच भजतात. म्हणून ही चर्चा म्हणजे मननरूप उपासनाच आहे.

त्यांचा मुख्य हेतू 'कार्यत्व' हा होय. जे जे कार्य, म्हणजे पूर्वी नसून नंतर उत्पन्न झालेले, ते ते कर्त्यावाचून होत नाही, उदाहरणार्थ घट. पृथ्वी, अंकुर इत्यादी पदार्थ सावयव आहेत, म्हणून तेही कार्यच आहेत. तेव्हा त्यांनाही कर्ता असला पाहिजे. माती आहे, चाक आहे, दंडही आहे. तरी कुंभार नसेल तर घट होत नाही. जड सामग्री आपण होऊन विशिष्ट रचनेत एकत्र येत नाही.

यावर प्रतिपक्षी म्हणेल, रानात आपोआप उगवणाऱ्या गवताला कोणता कर्ता दिसतो? याचे उत्तर असे की, ज्याविषयी वाद आहे तेच विरुद्ध उदाहरण म्हणून पुढे करता येत नाही. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. जी वस्तू दिसण्यास योग्य असते, तिच्याच न दिसण्यावरून तिचा अभाव ठरतो. शिवाय कार्याला कर्ता नको म्हटले, तर उपादान नको असेही म्हणता येईल, आणि कार्यकारणभावाची सारी व्यवस्थाच कोसळेल.

कोणी म्हणेल, निसर्गाचे नियम पुरे आहेत. पण नियम म्हणजे घटना कशा घडतात याचे वर्णन. राज्यातील कायदा लिहिलेला असला तरी तो स्वतः उठून कोणाचा न्याय करीत नाही. आजच्या विज्ञानाने विश्वाच्या विस्ताराचा मागोवा सुमारे १,३८० कोटी वर्षांपर्यंत मागे नेला आहे. ते ज्ञान आदरणीयच आहे. परंतु मुळात नियमबद्धता का आहे, हा प्रश्न त्याने संपत नाही.

धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांचा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. मातीचा विकार एवढ्यावरून कर्ता मानायचा, तर वारुळही कुंभारानेच केले म्हणावे लागेल! नैयायिकांचे समाधान असे : अनुमान कुंभाराचे नाही, ज्ञानवान कर्त्याचे आहे. उपादानाचे साक्षात ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न हे तीन ज्याच्या ठायी असतात तो कर्ता. शरीर हे कर्तृत्वाचे लक्षण नव्हे. मृताला शरीर असते, परंतु कर्तृत्व नसते.

आता तो एकच कशावरून? परमाणूंपासून सर्व जीवांच्या अदृष्टापर्यंत सारे ज्याला ठाऊक, तोच या जगाची जुळणी करू शकेल. अर्थात तो सर्वज्ञ होय. असे अनेक मानले आणि त्यांचे नेहमी एकमत असले, तर दुसरा निरर्थक ठरतो. मतभेद असला, तर सृष्टीची व्यवस्था टिकत नाही. एकाने कार्य होत असता अनेक मानणे हे गौरव, आणि लाघव हाच न्यायाचा मार्ग आहे.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शंकराचार्य व रामानुजाचार्य हे केवळ अनुमानावर ईश्वर उभा करण्यास संमती देत नाहीत. निरनिराळे कर्ते निरनिराळ्या काळी निरनिराळी कार्ये करताना दिसतात, मग त्या सर्वांवरून एकच कर्ता कसा निघेल, असे रामानुजाचार्य विचारतात. त्यांच्या मते ब्रह्म हे शास्त्रानेच कळते. म्हणून तर्काने वाटेतील काटे काढावे. पण चालायचे ते शास्त्राच्या आणि उपासनेच्या बळावर.

सर्वांत कठीण शंका मात्र तर्कशाळेत उठत नाही. ज्या घरात कोवळे मूल दगावते, त्या घरात ती उठते : ईश्वर असेल तर हे दुःख का? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच प्रश्न घेतला आहे. पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो, पण पीक बीजाप्रमाणे येते. तसा ईश्वर जीवांच्या कर्मांना अनुसरून सृष्टी करतो, हे भाष्यकारांचे उत्तर आहे. त्यात पक्षपात नाही, क्रूरताही नाही. परंतु हे उत्तर शोकाकुल मातेपुढे वादासाठी ठेवू नये. तिच्याजवळ आधी बसावे, तिचे अश्रू पुसावे. सिद्धान्त पुढे आहेच.

गीतेतही हाच प्रकाश आहे. प्रकृती चराचर प्रसवते ती भगवंतांच्या अध्यक्षतेखाली (९.१०), पृथ्वीत शिरून तेच भूतांना धारण करतात (१५.१३), आणि ते सर्व भूतांच्या ठायी सम आहेत (९.२९). 'जग अनीश्वर आहे' या मताची गणना गीता आसुरी विचारात करते (१६.८), कारण तेथून स्वैराचाराची वाट निघते.

परंतु शंका घेणारा प्रत्येक जण आसुरी नसतो. उदयनाचार्यांनी ग्रंथाच्या शेवटी जी प्रार्थना केली, ती प्रत्येक गृहस्थाने ध्यानी धरावी. इतक्या युक्तींनी धुऊनही ज्यांच्या कठीण हृदयात ईश्वराला स्थान मिळत नाही, तेही विरोधाच्या मिषाने त्याचेच चिंतन करीत असतात. म्हणून त्या करुणामयाने योग्य वेळी त्यांनाही तारावे, अशी ती प्रार्थना आहे. आयुष्यभर वाद करणाऱ्या पंडिताची ही अखेरची विनवणी!

मग देवघराच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलावर पित्याने का रागवावे? ज्याने प्रश्न विचारला, त्याचे मन ईश्वराकडेच वळले आहे. पित्याने हातातील फूल खाली ठेवावे, मुलाला जवळ बसवावे आणि म्हणावे, "ये बाळ, आपण दोघे मिळून विचार करू." त्या दिवशीच्या पूजेत काही उणे राहणार नाही.