येळवशीची थंडी आणि न उगवलेला ऊस



दरसाल वेळ अमावस्या जवळ आली की गट कार्यालयात एक तक्रार हमखास येते. "साहेब, लागण करून महिना होत आला, ऊस काही उगवंना." मग कोणी बेण्याला दोष देतो, कोणी खताला, कोणी बेणे देणाऱ्या शेजाऱ्याला. पुष्कळदा दोष यांपैकी कोणाचाच नसतो. तो थंडीचा असतो. म्हणून या अंकात थंडीच्या एका आठवड्यात उसाचे काय होते, एवढ्यावरच लिहीत आहे.

डिसेंबर 2018 चा शेवटचा आठवडा बऱ्याच जणांना आठवत असेल. 29 डिसेंबरला नागपूरचे किमान तापमान 3.5 अंशांवर उतरले होते. आपल्या निलंग्यात तेवढा कडाका नव्हता, तरी बसस्टँडसमोर सकाळी आठपर्यंत शेकोट्या आणि कानटोप्या दिसत होत्या. 5 जानेवारी 2019 ला येळवस झाली, तेव्हा कडब्याच्या कोपीपुढे बसून भज्जी आणि आंबील घेताना माणसे घोंगड्या सोडीत नव्हती. त्यात पावसाने आधीच दगा दिलेला. ऑक्टोबर 2018 मध्ये राज्यात 151 तालुके दुष्काळी जाहीर झाले होते, आणि आपल्याकडच्या विहिरीही दोन-दोन तासांत उघड्या पडत होत्या.

अशा वर्षी औराद रस्त्याकडच्या एका सभासदाने होते नव्हते ते पाणी धरून दीड एकर सुरू लागण केली. थंडीच्या आठ दिवस आधी केली. जानेवारीचे तीन आठवडे गेले तरी रान काळेच. मी गेलो तेव्हा बांधावर ट्रॅक्टर उभा होता. म्हणाला, "साहेब, मोडून टाकतो. दुसरं बेणं आणतो अन् पुन्हा लावतो." मी विचारले, पुन्हा लावाल, पण आंबवणीला पाणी कुठून आणाल? तो गप्प झाला.

आम्ही खुरपे घेतले आणि पाच-सहा ठिकाणी सरी उकरली. टिपऱ्या घट्ट होत्या, डोळे फुगलेले, मुळ्यांचे पांढरे टोक बाहेर आलेले, दोन ठिकाणी कोंब बोटाच्या पेराएवढा. पीक मेले नव्हते, थांबले होते. ट्रॅक्टर परत पाठवला. फेब्रुवारीच्या मध्यावर ओळी दिसू लागल्या. पुढे काही नांगे भरावे लागले, पण बेण्याचा, मजुरीचा आणि मुख्य म्हणजे पाण्याचा दुसरा खर्च वाचला.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. त्याच्या काही वर्षे आधी अशाच थंडीत मीच एका सभासदाला, उगवण गेली, मोडा, असे वरवर बघून सांगितले होते. नांगराच्या तासात पांढरे कोंब वर आले. तो भला माणूस मला काही बोलला नाही. तेव्हापासून उकरून पाहिल्याशिवाय मी मोडायचा सल्ला देत नाही.

आता कारण पाहू. उसाचा डोळा चांगला फुटायला साधारण 26 ते 32 अंश उष्णता लागते. 20 च्या खाली तो रेंगाळतो. आपल्याकडे थंडीच्या आठवड्यातही दुपारी ऊन चांगले असते, त्यामुळे उगवण पूर्ण बंद पडत नाही, पण दिवसा मिळालेली ऊब रात्र काढून घेते. एरवी तीन आठवड्यांत दिसणारा कोंब मग पाच-सहा आठवडे घेतो. नदीकाठच्या खोल काळ्या रानात हे जास्त जाणवते. थंड हवा जड असते, ती रात्री माळावरून उतरून मांजरा-तेरणेच्या काठच्या सखल रानात साचते. त्याच रात्री माळावरच्या रानात गारवा त्या मानाने कमी असतो.

उशिरा उगवण्यात खरी जोखीम बुरशीची आहे. टिपरी जितके दिवस जमिनीत नुसती पडून राहील तितका बुरशीला वेळ मिळतो. टिपरी उभी चिरून पाहा. आतून पांढरी असेल तर थांबा. लालसर-काळी पडून पिकलेल्या अननसासारखा वास येत असेल तर तो अननस रोग. मग मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही. म्हणून थंडीतल्या लागणीला बेणेप्रक्रिया चुकवू नका. 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून त्यात टिपऱ्या 10 मिनिटे बुडवल्या की पुरे. टिपरीवर मातीचा थर दीड-दोन इंचांपेक्षा जास्त देऊ नका. आपल्याकडे हौसेने पायाने खोल दाबतात, ते उन्हाळ्यात चालून जाते, थंडीत नाही.

सुरू लागणीचा हंगाम 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी आहे. थंडीची लाट चालू असेल तर आठ-दहा दिवस थांबल्याने काही बिघडत नाही. थांबलेल्यांनी तोवर एक डोळ्याची रोपे पिशवीत टाकून ठेवावीत, रात्री त्यांवर प्लॅस्टिकचा कागद टाकावा आणि सकाळी काढावा. नांगे भरायला ती कामी येतात.

पाण्याबाबत मते पुष्कळ ऐकू येतात. विहिरीचे आणि बोअरचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते, त्यावर वाफ दिसते ती त्यामुळेच. ओली जमीन दिवसाची ऊब कोरडीपेक्षा जास्त धरून ठेवते. तेव्हा हलके पाणी द्यावे, संध्याकाळी दिले तर उत्तम. पण सरी तुंबवू नका, काळे रान चिखल झाले की डोळ्याला हवा मिळत नाही. आता संध्याकाळची लाइट आपल्या हातात नसते, आठवड्याची पाळी रात्रीची आली की माणूस काय करणार! एवढेच सांगतो, रात्री मोटारीवर एकटे जाऊ नका, बॅटरी आणि गमबूट सोडू नका.

या आठवड्यात युरिया टाकण्याची घाई नको. गार जमिनीत मुळ्या फारसे खात नाहीत, पिवळेपणा दिसला तरी तो खताने जात नाही, ऊन वाढले की जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी उसावर आणखी एक गोष्ट दिसते. पानांवर आडवे पांढरट पट्टे येतात, साऱ्या रानात जवळजवळ एकाच उंचीवर. हा रोग नाही. पोंग्यात असलेल्या पानावर थंड रात्रीचा उमटलेला तो डाग आहे. काही जण औषधाच्या दुकानातून दोन-दोन बाटल्या आणून फवारतात. पुढे नवे पान हिरवे येते आणि श्रेय बाटलीला जाते.

खोडव्याचे तसेच आहे. थंडीत तुटलेल्या उसाचे बुडखे जमिनीलगत छाटा आणि पाचट सरीत ओढून बुडखे उन्हाला मोकळे करा. पाचट जमिनीला चांगले, पण बुडख्यावर राहिले तर डोळा गारठूनच राहतो.

थंडीची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे. वाढ थांबली की पानांत तयार झालेली साखर वाढीवर खर्च होत नाही, कांड्यात साठते. कोरडी हवा, स्वच्छ ऊन आणि गार रात्र असली की उतारा चढतो. बंगालच्या उपसागराकडून ढग आले, रात्री उबदार झाल्या की तो पुन्हा रेंगाळतो. 2022-23 च्या हंगामापासून एफआरपीसाठी 10.25 टक्के उतारा हा पाया धरलेला आहे, त्यावरच्या प्रत्येक दशांशाचे पैसे मिळतात. म्हणून या आठवड्यात पक्व उसाला शेवटची भरपूर पाण्याची पाळी देऊन वजन वाढवण्याचा मोह टाळा. कोसी 671 सारखा लवकर पिकणारा ऊस आधी तुटावा आणि को 86032 वयाप्रमाणे यावा, अशीच तोडणीची यादी लावलेली असते. "माझा आधी न्या" असे सांगायला येणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तोडणीच्या टोळ्या या थंडीत पहाटे चारला फडात असतात, लेकरे कोपीत असतात. त्यांना शेकोटीची गरज आहेच, पण फडाच्या कडेला पाचट पेटवले तर वाऱ्याने ठिणगी उभ्या उसात जाते. जळिताचा ऊस वजनात आणि पैशात दोन्हीकडे मार खातो. बांधावरची मोकळी जागा आणि थोडे सरपण शेतमालकानेच दाखवून दिले तर हा प्रसंग येत नाही.

ज्यांची लागण महिना उलटूनही वर आलेली नाही त्यांनी मोडण्याआधी आपल्या गटाच्या शेतकी सहायकाला कळवावे. तो खुरपे घेऊन येईल. उकरताना मालकाने स्वतः हजर राहावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी