सही करता येते, पण वाचता येते का?



कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, असे विचारल्यास बहुतेक जण नमाज किंवा रोजाचे नाव घेतील. वस्तुतः ती सूरह अल-बकराची २८२ वी आयत असून उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. मुदतीचे कर्ज लहान असो वा मोठे, ते लिहून ठेवावे, देणेकऱ्याने मजकूर सांगावा, आणि तो स्वतः सांगू शकत नसेल तर त्याच्या पालकाने न्यायाने सांगावा, असा तिचा आशय आहे. असमर्थाची सोय अल्लाहने केली आहे. पण शिकणे शक्य असताना आयुष्यभर त्या सोयीवर विसंबून राहावे काय? आज आपल्या कित्येक माता-भगिनी कर्जाच्या कागदावर सही करतात, आणि त्यात व्याजाची अट आहे की नाही हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. जो कागद वाचता येत नाही, त्यातील हराम ओळखायचे कसे?

अशा भगिनींची गणना बहुधा साक्षरांत होते. २०११ च्या जनगणनेत ७ वर्षे व त्यावरील ज्या व्यक्तीस कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येते, तिला साक्षर मानले गेले. व्याख्या उत्तम आहे. परंतु प्रगणक कुणापुढे पुस्तक धरत नाही. घरातील जो कोणी बोलतो, त्याचे उत्तर तो लिहून घेतो. मुलाने ‘अम्मीला येते’ म्हटले की अम्मी साक्षर!

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट आढळते. अम्मी कुरआन नाजरा अस्खलित पढते, पण वीजबिलावरील अंतिम तारीख मुलाकडून वाचून घेते. तिलावतीचे पुण्य निर्विवाद आहे. मात्र वरील व्याख्येतील ‘समजून’ हा शब्द येथे अडतो. तरीही अशा स्त्रीला निरक्षर म्हणून बाजूला सारणे मला चुकीचे वाटते. अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध, जोडाक्षरांची ओळख, ओळीवर नजर ठेवण्याची सवय हे सारे तिच्यापाशी आहेच. उर्दू तिला लवकर येईल. रेशन दुकान, एसटीची पाटी, बँकेचा अर्ज यांसाठी मात्र महाराष्ट्रात देवनागरीला पर्याय नाही. तेव्हा उर्दूवर थांबू नये.

आधी काय येते ते पाहावे, मग शिकवावे. वडीलधाऱ्यांची परीक्षा घेण्याचा आव न आणता चार ओळी वाचावयास द्याव्यात व अर्थ त्यांच्या शब्दांत सांगावयास लावावा. हिशेब पुष्कळांना तोंडी चोख येतो, फक्त कागदावर मांडता येत नाही. त्यांना बेरीज शिकवण्यात वेळ दवडू नये, आकडे लिहावयास शिकवावेत.

शासनाच्या ‘उल्हास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील व्यक्तींना स्वयंसेवक शिकवतात. शेवटी वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० गुणांची, एकूण १५० गुणांची चाचणी असते. तिन्ही भागांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते, त्यामुळे नेमकी उणीव कोठे आहे ते कळते.

बद्रच्या लढाईनंतर खंडणी देऊ न शकणाऱ्या साक्षर कैद्यांना अन्सारांच्या मुलांना लिहिणे शिकवण्याच्या अटीवर मुक्त केले गेले, हा प्रसंग आपण वारंवार ऐकतो. हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह (रजि.) यांनी उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना लेखन शिकवले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. हजरत हफ्सा (रजि.) तेव्हा लहान मूल नव्हत्या. इमाम बुखारी (रह.) यांनीही आपल्या संग्रहातील ज्ञानाच्या प्रकरणात नोंदवले आहे की, प्रेषितांच्या (स.) सहाबांनी उतारवयातही ज्ञान मिळवले.

मोहल्ल्यातील मकतबची खोली मुले घरी गेल्यावर रिकामीच असते. असरनंतर तासभर ती भगिनींसाठी उघडावी, आणि शिकवण्यास दहावी-बारावी झालेल्या मुली घ्याव्यात. आजीच्या वयाची स्त्री आली तर तिला पुढच्या रांगेत, उजेडाजवळ बसवावे. तिला चष्मा लागतो का, हे पहिल्याच दिवशी विचारावे.