पाणी गेलं कुठं, ते आधी पाहा

गाडीत भरलेलं पेट्रोल जळतं, ऑइलही थोडंफार जळतं. कूलंट मात्र जळत नाही. ते इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून परत इंजिनात, बंद वाटेनं फिरत राहतं. गाडी तापली की रिझर्व्ह टाकीतली पातळी थोडी चढते, थंड झाली की उतरते. म्हणून ती सकाळी, गाडी सुरू करण्याआधी पाहायची. त्या वेळी ती दर आठवड्याला बोटभर खाली दिसत असेल, तर कूलंट कुठून तरी बाहेर जातंय, यात शंका ठेवू नका.

हे मी ठासून सांगते, कारण मला उलटंच सांगण्यात आलं होतं. माझी गाडी जुनी, पेट्रोलवरची, वरुडकडच्या नातेवाइकांकडून घेतलेली. आईच्या उपचारासाठी मोर्शीहून अमरावतीला सतत जावं लागतं, आणि आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे पारा पंचेचाळिशीला टेकलेला. टाकीतली पातळी उतरते हे लक्षात आल्यावर मी गाडी अमरावतीच्या एका गॅरेजात नेली. “उन्हाळ्यात थोडं उडतंच,” असं म्हणून त्यांनी रेडिएटरचं झाकण बदललं. पातळी उतरतच राहिली. मग वरचा होज पाईप बदलला. त्यानंतर थेट नवा रेडिएटर बसवला, तोही माझा जुना धड होता की नाही हे न तपासता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी सगळी गत. आणि मे महिन्यात भर दुपारी माहुली जहागीरच्या पुढं बोनेटच्या फटीतून वाफ आली. मागच्या सीटवर आई होती. तिला लिंबाच्या सावलीत बसवलं, डोक्यावर ओला रुमाल ठेवला आणि गाडी थंड व्हायची वाट पाहिली. आजारी माणूस सोबत असताना तो वेळ कसा जातो, ते ज्याच्यावर आलं त्यालाच कळतं.

गाडी टो करून मोर्शीला आणली. आमच्या इथल्या मिस्त्रींनी बोनेट उघडलं, नवा रेडिएटर पाहिला, आणि पान्याला हात लावण्याआधी म्हणाले, “ताई, पानी कुठं गेलं ते आधी पाहू. सामान मंग बदलू.” एवढं एक वाक्य आधीच्या गॅरेजात कुणी उच्चारलं असतं, तर माझा खर्चही वाचला असता आणि आईचे हालही.

त्यांनी वापरलं ते साधन साधं आहे: हातपंप, त्याला जोडलेलं दाबाचं घड्याळ, आणि रेडिएटरच्या तोंडावर घट्ट बसणारी टोपी. इंजिन पूर्ण थंड हवं. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो बारमधला दाब. पंपानं तेवढाच दाब द्यायचा, जास्त नाही, आणि काट्याकडं पाहत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. काटा हलला नाही तर गळती बाहेरची नाही. हलला तर टॉर्च घ्यायचा. आमचा काटा हळूहळू उतरू लागला. मिस्त्रींनी तारेला बांधलेला छोटा आरसा पट्ट्याच्या बाजूनं आत घातला आणि मला वाकून पाहायला सांगितलं. वॉटर पंपाच्या पुलीमागं एक बारीक छिद्र होतं. त्याच्या काठावर गुलाबी थेंब जमत होता, फुगत होता, आणि खाली न पडता ब्लॉकवरून ओघळत होता. त्या वाटेवर आधीच्या ओघळांचा पांढरट-गुलाबी पापुद्रा धरला होता. गाडी चालत असताना हे पाणी तापलेल्या लोखंडावरच सुकून जाई. म्हणून पार्किंगमध्ये कधी डाग दिसला नाही आणि “गळती नाहीच” असा निष्कर्ष निघाला.

ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या दांड्याभोवती सील असतं. ते झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं आणि आपल्याला कळावं, यासाठी ती वाट. काही जण ते बाहेरून बुजवतात. असं करू नका. पाणी मग बेअरिंग खातं, पंप अडकतो. तुमच्या गाडीचा पंप टायमिंग बेल्टवर चालणारा असेल, तर पंपासोबत बेल्टही बदलून घ्या, कारण मजुरी तीच आणि तुटलेल्या बेल्टचं नुकसान पंपाच्या कितीतरी पट.

नवा पंप बसला. इथं बरेच जण थांबतात. मिस्त्रींनी पुन्हा दाब दिला. काटा पुन्हा उतरला, यावेळी फार सावकाश. ब्लॉकच्या बाजूला, एक्झॉस्टच्या खाली, पत्र्याची गोल बुचं ठोकलेली असतात. त्यातलं एक कडेनं ओलसर दिसलं. स्क्रू-ड्रायव्हरनं नुसतं दाबलं तर टोक आत गेलं. बूच बाहेरून ठीक दिसत होतं, आतून गंजानं चाळण झालं होतं. ते काढल्यावर आतून तांबूस गाळ आणि पांढऱ्या क्षारांचे तुकडे निघाले. तेव्हा कळलं की सील लवकर का झिजलं आणि बूच का सडलं. गाडीच्या पोटात आधी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेलं होतं.

दुरुस्तीनंतर पुन्हा दाब देऊन पाहिलंच पाहिजे, असा आग्रह मी तेव्हापासून धरते. एक गळती सापडली म्हणजे दुसरी नाही, असं नसतं. उलट जुन्या गाडीत मोठं भोक बुजलं की दाब नीट टिकू लागतो, आणि मग लहान भोक तोंड उघडतं.

पाण्याबद्दल आपल्या भागात तर बोललंच पाहिजे. मोर्शी-वरुडचा संत्रापट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखला जातो. बागा जगवायला बोअर खोल खोल गेले आणि त्यांचं पाणी जड. हे पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना पांढरा होऊन बसतो. बंबाच्या आत चढतो तसाच थर. इंजिनात तो सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे हेडच्या आसपास आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आधी धरतो. थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, सुटलेले कण पंपाच्या सीलला घासतात. संत्रा वाहणाऱ्या पिकअपवाल्यांना मी विहिरीवर गाडी लावून रेडिएटरमध्ये पाणी ओतताना पाहते, तेव्हा थांबून सांगावंसं वाटतं, आणि बरेचदा सांगतेही. अप्पर वर्धा धरणाचं नळाचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण क्षार त्यातही असतातच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. दुकानात डबा घेताना ते पाणी आहे की ॲसिड, हे मात्र लेबल वाचूनच पाहा.

“आपल्याकडं बर्फ कुठं पडतो, कूलंट कशाला?” हाही नेहमीचा प्रश्न. पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असलेलं मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं आणि झाकणानं धरलेल्या दाबाखाली १२० च्याही पुढं टिकतं. शिवाय त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात. म्हणजे ज्यानं माझं बूच वाचलं असतं, ते कूलंटच. डबा घेताना रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीनं देतात. गाडीच्या पुस्तकात सांगितलेला प्रकार पाहा, डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असं मानक छापलंय का पाहा, आणि दोन वेगळ्या जातींची मिसळ करू नका. काही डबे थेट ओतायचे असतात, काहींत पाणी घालावं लागतं. तेही डब्यावर लिहिलेलं असतं.

आता घरच्या घरी काय पाहता येतं ते. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा. सकाळी ओला डाग दिसला तर तो कोणत्या जागेखाली आहे ते आठवणीत ठेवा. उन्हाळ्यात एसीचं पाणी ठिबकतं, त्यानं घाबरू नका. ते स्वच्छ असतं, त्याला वास नसतो, बोटाला लागलं की लगेच सुकतं. कूलंट बोटाला किंचित चिकट-बुळबुळीत लागतं, रंग असतो, वास गोडसर येतो. तोंडाला लावून मात्र कधीही पाहू नका, ते विषारी आहे. होजच्या क्लिपांपाशी, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या जिथं जाळीला जोडलेल्या असतात त्या कडेला, थर्मोस्टॅटच्या घराभोवती पापुद्रा शोधा. डॅशबोर्डखालची चटई ओली असेल, आतून काच चिकट धूसर होत असेल, तर हीटरची जाळी गळते आहे.

आणि बाहेर काहीच सापडत नसेल, दाबाचा काटा मात्र उतरत असेल, तर आत पाहायचं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस, सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही थांबत नाही असा पांढरा धूर, गाडी सुरू करताना एखादा सिलिंडर अडखळणं, रेडिएटरमध्ये सतत येणारे बुडबुडे, ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणं. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी सुरूच करू नका. यासाठीही तपासणी आहे: रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रवातून खेचतात, जळालेला वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. हेड उतरवलं तर ते सपाट आहे की नाही हे मोजल्याशिवाय परत बसवू देऊ नका. ॲल्युमिनियमचं हेड जास्त तापलं की वाकतं, आणि अनेक गाड्यांत ०.०५ मिलीमीटरचा वाक हीच शेवटची मर्यादा असते.

रस्त्यात गाडी तापली तर काय? एसी बंद करा, हीटर पूर्ण सुरू करा, काचा खाली घ्या, जागा पाहून थांबा आणि इंजिन बंद करा. मे महिन्यात हीटर लावणं जिवावर येतं, पण ती जाळीही छोटा रेडिएटरच आहे. तापमानाचा काटा वर जाऊन अचानक खाली आला तर गाडी निवली असं समजू नका. कूलंट इतकं उतरलंय की सेन्सर हवेत उघडा पडलाय, असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि ती वेळ सगळ्यात धोक्याची. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाब सुटला की आतलं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. घाई करून अंगावर भाजून घेतलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. अर्धा तास, लागलं तर जास्त, थांबा. वरचा होज हाताला सोसवेल इतका निवला की जाड कापड धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा.

रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय जुने ड्रायव्हर सांगतात. गळती थांबवणारी पावडरही मिळते. रानात अडकलात आणि गाव गाठायचं आहे, तर ठीक. पण तोच लगदा नंतर रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्यांत बसतो. अशी गाडी आधी आतून धुवून घ्यावी लागते आणि मूळ गळती तशीच राहते.

दुरुस्ती झाल्यावर कूलंट भरणं हे घाईचं काम नाही. आत हवा अडकली तर नव्या पंपालाही पाणी मिळत नाही. गाडीचं तोंड चढावर येईल अशी उभी करा, हीटर सुरू ठेवा, थंड इंजिनावर हळूहळू भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू द्या. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तो उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेवढं आणखी घाला. वरचा होज अधूनमधून दाबा, बुडबुडे येतात. पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत हे चालू द्या, मग झाकण लावा. ज्या गाडीत रेडिएटरला झाकणच नसतं आणि दाबाखालची टाकी असते, तिची रीत पुस्तकात पाहा. पुढच्या एक-दोन सकाळी पातळी किंचित उतरते. ती उरलेली हवा निघाल्यामुळं. टाकीवर मार्करनं रेघ मारून ठेवा. त्यानंतरही पातळी रेघेखाली गेली, तर पुन्हा दाबाची तपासणी.

आम्ही त्या रेघेवर भरवसा ठेवून आधी साळबर्डीपर्यंत गेलो, मग परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढलो, सुमारे ११०० मीटर उंचीपर्यंत, आईला सोबत घेऊन. वर पोचल्यावर इंजिन निवू दिलं आणि पाहिलं, पातळी रेघेवर होती.

राहिलं जुनं कूलंट. ते नालीत किंवा वावरात ओतू देऊ नका. चवीला गोड असल्यामुळं कुत्री ते चाटतात आणि थोड्याशानंही मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. गुरं-वासरं आणि लहान मुलांनाही धोका तोच. काम चालू असताना खाली पसरट भांडं ठेवायला सांगा. सांडलेल्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते उचलून घ्या. काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्यावर ‘विष’ असं लिहा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात ते घेतात का, हे विचारून मगच तिथं द्या. त्यासाठी पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली अजिबात वापरू नका.