पंखा न दिसणारी होडी

सुट्टीत मामाकडे तारकर्लीला मी नवी वॉटर स्कूटर पाहिली. बसायला फटफटीसारखी, पण ही होडीच! मागे पंखा दिसेना. मामा म्हणाला, "पंखा पोटात आहे तिच्या." तो खालून पाणी ओढतो आणि मागच्या तोटीतून जोराने बाहेर फेकतो. पाणी मागे, होडी पुढे. सुटलेला फुगा पळतो ना, तस्सेच. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५४ साली उथळ, खडकाळ नद्यांसाठी पाण्याच्या झोताची होडी बनवली. बाहेर पंखाच नाही, मग दगडावर आपटणार काय?

एक गोष्ट मात्र मला भीतीची वाटली. तोटी वळवली की झोत वळतो, म्हणून होडी वळते. समोर माणूस पाहून घाबरून वेग सोडला, तर झोतच थांबतो. मग ती नीट वळत नाही, सरळ पुढेच येते! मामा आम्हाला तिच्या आसपास पोहू देत नाही.