लोखंड थकतें म्हणजे काय ?

दिनांक ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायच्या राजोद्यानांत फ्रान्सचा राजा लुई फिलिप याच्या सन्मानार्थ उत्सव होता. सायंकाळीं पॅरिसकडे परतणाऱ्या लोकांनीं आगगाडी खच्चून भरली. म्यूडों गांवाजवळ पुढच्या इंजिनाचा आंस एकाएकीं मोडला. इंजिन कोसळलें, मागचीं वाहनें त्यावर चढलीं आणि भट्टींतल्या निखाऱ्यांनीं लाकडी डब्यांस आग लागली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणें डब्यांचीं दारें कुलुपबंद असत. पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. दक्षिण ध्रुवाकडील बर्फाळ समुद्र धुंडून सुखरूप परत आलेला नाविक द्युमाँ द्युर्व्हिल हा पत्नी व पुत्र यांसह त्यांतच गेला. कुलुपें लावण्याची चाल फ्रान्समध्यें पुढें बंद झाली. पण आंस कां मोडला ?

विद्यार्थिमित्रांनो, या प्रश्नांतील खोंच नीट ध्यानांत घ्या. इंजिनाच्या आंसावर भार असतो तो इंजिनाचा. डब्यांत उतारू कितीही कोंबले तरी तो वाढत नाहीं. म्हणजे जें ओझें त्या आंसानें काल वाहिलें, तेंच आजही वाहिलें. शिवाय चांगलें लोखंड मोडण्यापूर्वीं वांकतें, ताणतें, कांहीं सूचना देतें. हे आंस मात्र मुळ्यासारखे कटकन तुटत.

तुटलेल्या तोंडाकडे पाहिलें तर तें दाणेदार, चमकदार दिसे. यावरून त्या काळच्या अनेक विद्वानांनीं असें ठरविलें कीं, हादरे बसून बसून लोखंडाची मूळची तंतुमय घडण पालटते व तें साखरेच्या खड्यासारखें ठिसूळ बनतें. हें मत चुकीचें होतें. धातु मुळापासूनच स्फटिकमय असतो. हादऱ्यांनीं तसा होत नाहीं. परंतु चुकीचें मत डोळ्यांस पटण्याजोगें असलें म्हणजे तें फार दिवस जगतें, आणि हें तर अर्धें शतक जगलें. वास्तविक स्कॉटलंडचा तरुण अभियंता रॅंकिन यानें १८४३ सालींच मोडके आंस तपासून खरा माग दाखविला होता. जेथें आंसाचा जाड भाग एकदम बारीक होतो त्या काटकोनी खांचेपाशीं चीर सुरू होते व हळूहळू आंत शिरते, असें त्यानें सांगितलें. आणि तो कोपरा गोलसर वळणाचा करावा, असा उपायही सुचविला.

आतां चीर पडते कशी तें पाहूं. डब्याचें ओझें आंसाच्या दोन्ही टोकांवर असतें व चाकें त्याला आंतल्या बाजूस उचलून धरतात. त्यामुळें मधला आंस अगदीं किंचित्, डोळ्यांस न दिसेल इतका, वर फुगतो. वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. पण आंस फिरतो आहे ! अर्ध्या फेऱ्यांत वरची बाजू खालीं येते. जी ताणली होती ती दबते, दबलेली ताणते. एक मीटर व्यासाचें चाक एका किलोमीटरांत सुमारें ३१८ फेरे घेतें. मुंबई ते पुणें हें १९२ किलोमीटरांचें अंतर एकदां कापलें कीं ६१ हजार वेळां ही ओढाताण झाली. तार हातांनीं पुढेंमागें वांकवून आपण पांचदहा वेळांत तोडतों. येथें वांक सूक्ष्म, म्हणून वेळां अगणित, इतकाच भेद.

१९०३ मध्यें यूइंग व हम्फ्री यांनीं हा व्यापार सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. लोखंडावर उलटसुलट ताण देत असतां त्याच्या स्फटिककणांवर बारीक रेषा उमटल्या. कणांतील थर एकमेकांवरून घसरत होते. रेषा दाट झाल्या व त्यांतूनच चिरा निघाल्या. या क्रियेला ‘थकवा’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द सोयीचा खरा, पण फसवा. थकलेला मनुष्य रात्रभर निजला कीं ताजातवाना होतो. लोखंडाची चीर विश्रांतीनें बुजत नाहीं.

या विषयाला मोजमाप दिलें तें प्रशियाच्या रेल्वेंतील अधिकारी ऑगस्ट व्होलर यानें. गाडीखालीं उपकरणें बसवून धांवत्या आंसास किती वांक येतो हें त्यानें आधीं मोजलें. मग कारखान्यांत यंत्रावर आंस लाखों वेळां फिरवून ते कधीं मोडतात याचीं कोष्टकें केलीं. त्यावरून दिसलें कीं, एकदांच ओढून तोडण्यास जो ताण लागतो त्याहून पुष्कळ कमी ताण वारंवार दिल्यानें लोखंड तुटतें. पण ताण विशिष्ट मर्यादेखालीं ठेवला तर तें कितीही फेरे सहन करतें. ॲल्युमिनमला मात्र अशी स्पष्ट मर्यादा नसते, हें पुढें दिसून आलें.

चिरेचें सामर्थ्य पाहावयाचें असेल तर कापडाच्या दुकानांत जावें. अखंड कापड ओढून फाटत नाहीं. दुकानदार कात्रीनें कांठाला जरा चीर देतो, आणि मग तें टर्रकन फाटतें. सगळा जोर चिरेच्या टोंकाशीं गोळा होतो. ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत कांचेच्या बाबतींत याचें गणित मांडलें. चीर वाढली म्हणजे ताणलेल्या पदार्थांतील कांहीं शक्ति मोकळी होते. नवे पृष्ठभाग उघडण्यास कांहीं शक्ति खर्चावी लागते. जमा खर्चाच्या वर गेली कीं चीर आपोआप धांवत सुटते. मोठ्या चिरेला म्हणूनच थोडा ताण पुरतो.

हें सर्व ठाऊक असूनही १९५४ मध्यें कॉमेट जातीचीं दोन जेट विमानें आकाशांतच फुटलीं : १० जानेवारीस एल्बा बेटाजवळ व ८ एप्रिलला नेपल्सनजीक. ५६ माणसें गेलीं. प्रत्येक उड्डाणांत आंतल्या हवेच्या दाबानें विमानाचें कवच फुगे व उतरतांना सैल पडे. इंग्लंडांत फार्नबरो येथें एक कॉमेट पाण्याच्या टाकींत बुडवून, तिच्यांत पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा देण्यांत आला. प्रत्यक्ष व कृत्रिम मिळून सुमारें तीन हजार उड्डाणांनंतर तें कवच, पत्र्यांत कापलेल्या झरोक्याच्या कोपऱ्याशीं, फाटलें.

तेव्हांपासून अभियंत्यांची विचारसरणीच पालटली. वस्तूंत चीर नाहींच असें आतां ते धरीत नाहींत. चीर आहे असें धरून ती किती वेगानें वाढेल याचें गणित करतात, आणि ती घातक होण्यापूर्वीं तपासणीची पाळी येईल असा बेत ठेवतात. पूर्वीं स्थानकांवर हातोडीनें चाकें ठोकीत जाणारा मनुष्य दिसे. खणखणीत नाद आला तर चाक निकोप, बद्द आला तर संशय. आतां आंसांत व रुळांत कानांस न ऐकूं येणारे ध्वनितरंग सोडतात; आंत चीर असली तर तिच्यावरून ते परततात.

सायकलीच्या पायट्याचा दांडा मोडला तर तो भंगारांत टाकण्यापूर्वीं त्याचें तुटलेलें तोंड उजेडांत धरून पाहा. थकव्यानें तुटला असेल तर एका कडेपासून गुळगुळीत भाग निघालेला दिसेल. त्यावर शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा बहुधा आढळतील. तेथें चीर हळूहळू सरकत होती. उरलेला खरबरीत, दाणेदार भाग मात्र शेवटच्या एका क्षणांत तुटलेला असतो.