सुतळी कसली, हे विचारायचं राहून गेलं

फोनवर मी एकच प्रश्न विचारला होता, "गासड्या सुतळीनंच बांधल्यात ना?" पलीकडून उत्तर आलं, "हो, सुतळीच की." माणूस खोटं बोलला नाही. बाजारात प्लास्टिकच्या बारीक दोरीलाही सुतळीच म्हणतात. माझ्या डोक्यात तागाची होती, त्याच्या गाडीत प्लास्टिकची. त्या एका शब्दापायी गोठ्यात उभ्या गाईची डावी कूस फाडायची वेळ आली.

आम्ही फलटण तालुक्यातले. सहा संकरित गाई, दूध डेअरीला. त्या वर्षी कडबा परवडेना, म्हणून मावळातून भाताच्या पेंढ्याच्या दोनशे गासड्या मागवल्या. निळी दोरी बघून मी काही बोललो नाही. उलट वाटलं, बरं झालं, सुटायची नाही.

वडिलांच्या काळी कडब्याच्या पेंढीला कडब्याचाच आळा असायचा. आळ्यासकट पेंढी बैलापुढं टाकली तरी बिघडत नसे. ती सवय आमच्या हातात राहिली, आळा मात्र बदलला. पहाटेच्या घाईत गासडी फोडायची आणि मुठी-मुठीनं कडबाकुट्टीत सारायची. पात्याला पेंढा काय अन् दोरी काय, सारखंच. थोडी दोरी रोलरला गुंडाळायची, ती विळ्यानं कापून काढायची. बाकीची कुठं गेली, हा प्रश्न मला चार महिन्यांत एकदाही पडला नाही.

मग आमच्या एका गाईचं, गौरीचं, दूध चौदा लिटरवरून नऊवर आलं. रवंथ कमी झाली. डावी कूस फुगायची, तेल-हिंग पाजलं की उतरायची, दोन दिवसांनी पुन्हा फुगायची. तीन आठवडे मी पोटफुगीवरच उपचार करत बसलो. शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी गाईला हात लावण्याआधी कुट्टीचा ढीग चाळला आणि बोटभर लांबीचे निळे धागे माझ्या तळहातावर ठेवले.

गाय चारा फारसा निवडून खात नाही. शेळी ओठानं वेचते, गाय जिभेनं ओढून गिळते आणि चावायचं काम रवंथीवर सोडते. कोटीपोटातले जिवाणू पेंढा कुजवतात, प्लास्टिकला त्यांचा इलाज नाही. धागे एकमेकांत अडकतात, गोळा होतो आणि पुढची वाट तुंबते. त्या दिवशी कूस फाडल्यावर डॉक्टरांचा हात कोपराच्या वरपर्यंत आत गेला आणि नारळाएवढा पिळलेला गोळा बाहेर आला. गौरी वाचली, पण त्या वेताचं दूध गेलं ते गेलंच.

रागानं मी पुढच्या वर्षी सगळं तागावर आणलं. तिथंही ठेच लागली. ताग कुठं जाड, कुठं बारीक; गासड्या बांधणाऱ्या बेलरच्या गाठ मारणाऱ्या यंत्रात दोरी तुटायची. चालक वैतागला, कारण यंत्र प्लास्टिकच्या दोरीला लावलेलं होतं. गासड्या मी थेट जमिनीवर रचल्या. आषाढात ओल चढली, खालच्या दोन थरांच्या दोऱ्या कुजल्या आणि उचलताना गासडी हातात सुटू लागली. उरलेलं काम उंदरांनी केलं.

दोन्हीकडून पोळल्यावर जे शिकलो, ते सांगतो.

जनावरांना घालायच्या चाऱ्याला ताग किंवा घायपाताची दोरी घ्यावी. चुकून तुकडा पोटात गेला तरी तो हळूहळू कुजतो. पण म्हणून ती मुद्दाम खाऊ घालायची नाही. यंत्रासाठीच्या घायपाती दोरीला बहुधा तेल पाजलेलं असतं, कधी उंदरांविरुद्ध औषधही असतं. बेलर येण्याआधी चालकाला दोरी दाखवा आणि यंत्राचा ताण तिच्याप्रमाणे लावून घ्या. गासड्या विटा-फळ्यांवर रचा, भिंतीपासून हातभर लांब.

प्लास्टिकची दोरी स्वस्त पडते, हेही खरं आहे. वजनाला हलकी असल्यानं एका किलोत ती कितीतरी जास्त लांब येते, पाण्यानं कुजत नाही, लांबच्या वाहतुकीत टिकते. पण उन्हात महिनोन् महिने राहिली की ठिसूळ होऊन तिचे तूस निघतात, आणि तूस वेचता येत नाही. रानात पडली तर रोटाव्हेटरच्या शाफ्टला गुंडाळते. जाळली तर धूर आपल्याच घरात येतो.

शंका असेल तर दोरीचं टोक काडीनं पेटवा. तागाची कागदासारखी जळून राख होते, प्लास्टिक वितळून कडक मणी होतो.

प्लास्टिक घ्यावंच लागलं, तर दोरी गाठीजवळ कापा आणि गाठ हातात धरून ओढा. अख्खी दोरी एका दमात निघते. कुट्टीशेजारी कापाकापी नको. गाई दोऱ्या, चिंध्या चघळू लागल्या तर खनिज मिश्रण कमी पडतंय का, हेही डॉक्टरांना विचारा.

आणि हिशोब ठेवा. तीन फूट लांब, सव्वा फूट उंच गासडीला एक दोरी साडेआठ फुटांची लागते, अशा दोन. दोनशे गासड्या म्हणजे चारशे दोऱ्या, एक किलोमीटरहून लांब प्लास्टिक आपण स्वतःच्या हातानं गोठ्यात आणतो. माझ्या गोठ्याच्या दारात आता एक खिळा आहे. रोज तीन गासड्या सोडल्या की त्यावर सहा दोऱ्या लागतात. पाच भरल्या, तर सहावी सापडेपर्यंत कुट्टी सुरू करायची नाही.